पहिल्या २०० च्या बीआरएमसाठी काय घ्यावं, आणि सकाळी उठवतच नसेल तर काय बघावं

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो. तुम्ही नाशिकचे, वय ३९, दीड वर्षापूर्वी हायब्रिड सायकल घेतलीत, आठवड्यातून तीन-चार दिवस गंगापूर धरणापर्यंत जाऊन येता, आणि डिसेंबरमध्ये पहिली २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे. बजेट २५ हजार, त्यात क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) शूज घ्यावेत, जीपीएस घ्यावा की चाकंच बदलावीत असं विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की गेले तीन आठवडे अलार्म वाजतो, तुम्ही तो बंद करता आणि परत झोपता, मोटिव्हेशन संपलंय. पण मधे एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकलीये, की ४० किमीनंतर सीटवर बसवत नाही, उजव्या हाताची करंगळी बधिर होते, आणि रोज आधीचा टाइम तोडायचा प्रयत्न असतो.

मला विचाराल तर सगळा प्रश्न त्याच ओळीत आहे. तुमचं मोटिव्हेशन कुठेही गेलेलं नाही. तुमच्या शरीराला माहितीये की उठलो की दोन तास दुखणार आहे आणि वर दम निघेपर्यंत पळायचंय, म्हणून ते उठत नाहीये, आणि ते बरोबरच करतंय. मी गेली अनेक वर्षं नवीन लोकांना पहिल्या २०० साठी तयार करतोय, आणि जे मधेच सोडून जातात त्यातले बहुतेक जण मन कमी पडलं म्हणून जात नाहीत, ते सीट, हात, पोट आणि झोप या चार गोष्टींमुळे जातात आणि नाव मात्र मनाचं लावतात. त्यामुळे सामानाचा प्रश्न आणि मोटिव्हेशनचा प्रश्न मी वेगळा करणारच नाही, दोन्ही एकत्रच घेतो.

सीटपासून सुरू करू. माझा अंदाज आहे की दुखतं म्हणून तुम्ही सीटचं नाक खाली केलंय किंवा वरून जेलचं कव्हर घातलंय, बहुतेक सगळे हेच करतात. नाक खाली झालं की बसलेला माणूस सतत पुढे घसरतो, आणि ते घसरणं थांबवायला हातांवर भार येतो, आणि मग करंगळी बधिर होते. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच असण्याची शक्यता बरीच आहे. आज घरी गेलात की मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप उघडून मोबाइल सीटवर आडवा ठेवा आणि सीट सरळ सपाट करा. जेलचं कव्हर काढून टाका, मऊ सीटमध्ये हाडं आत रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो, अर्धा तास बरं वाटतं आणि दोन तासांनी जास्त दुखतं.

मग बैठकीच्या हाडांचं माप घ्या. कुरियरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ पँट घालून त्यावर बसायचं, पाय थोडे उचलून पुढे वाकायचं, जसं सायकलवर वाकतो तसं, आणि अर्धा मिनिट तसंच राहायचं. उठून पुठ्ठ्यावर हात फिरवला की दोन खड्डे लागतात. त्यांच्या मध्यावर पेनाने खूण करून अंतर मोजा. बहुतेकांचं १०० ते १४० मिमीच्या दरम्यान येतं, त्यात २० ते ३० मिमी मिळवले की तेवढ्या रुंदीचं सॅडल, म्हणजे सीट, लागतं. बाजारात रुंदी सॅडलच्या पाकिटावर किंवा खाली छापलेली असते. हे माप न घेता सात हजारांचं सॅडल घेतलं तरी उपयोग नाही आणि माप घेऊन दोन-अडीच हजारांचं घेतलं तरी २०० किमी छान होतात.

सीटची उंची पण बघून घ्या. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने पेडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे, मागे दुखत असेल तर वर आहे. एकदा बरोबर बसली की सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा, म्हणजे सर्व्हिसिंगला दिलेली सायकल परत आली की उंची तीच आहे ना हे एका नजरेत कळतं.

पॅडवाल्या शॉर्ट्स दोन घ्या, एक नाही, कारण ती रोज धुतलीच पाहिजे आणि उलटी करून उन्हात वाळवली पाहिजे. आत अंडरवेअर घालायची नाही, हे सांगायला लोक लाजतात आणि मग नवीन माणूस शिवणींच्या फोडांनी हैराण होतो. मांडीच्या सांध्यात आणि पॅडवर चॅमॉय क्रीम, म्हणजे कातडी घासू नये म्हणून लावायचं क्रीम, लावा, पहिल्या २०० ला तर नक्कीच. हातासाठी पॅडवाले ग्लव्हज घ्याच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या सरळ हँडलला दोन बार एंड, म्हणजे हँडलच्या टोकांना बसणाऱ्या छोट्या आडव्या मुठी, लावून घ्या, पाचशे-सातशे रुपयांचं काम आहे. करंगळीची नस तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाते, एकाच जागी तासन्‌तास भार पडला की करंगळी आणि शेजारचं बोट मुंग्यांनी भरतं, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी हाताची जागा बदलता आली पाहिजे. सरळ हँडलवर ती सोय नसते, बार एंडने होते. इतकं करूनही बधिरपणा राइड संपल्यावर तासन्‌तास टिकत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तिथे घरगुती उपाय नकोत.

आता अंधार. लोकांना वाटतं २०० म्हणजे दिवसाची राइड. हिशोब करून बघा, वेळ मिळते साडेतेरा तास, सकाळी ६ ला स्टार्ट असेल तर शेवटची वेळ संध्याकाळी साडेसात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवतो ७ च्या आसपास आणि मावळतो ६ च्या आसपास, म्हणजे पहिला एक तास अंधार आणि शेवटचा दीड तास अंधार, आणि तो शेवटचा दीड तास दमलेल्या अवस्थेत, हायवेवर, ट्रकच्या सोबतीने. त्यामुळे पैसे घालायचे तर दिव्यांवर घाला. पुढे ४०० ल्युमेनचा एक चांगला दिवा पुरतो, पण तो किती वेळ चालतो ते बघा, कारण पाकिटावरचं मोठं ल्युमेन आणि मोठे तास ही दोन वेगवेगळ्या मोडची आकडेवारी असते. मागे दोन दिवे, एक कायम जळता आणि एक राखीव, आणि ते सायकलला पक्के बांधलेले, बॅगेला लटकवलेले नाहीत. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट दोन-तीनशेला मिळतं, ते अंगात घाला, हेल्मेट तर हवंच. हे सगळं नसेल तर आयोजक स्टार्टलाच परत पाठवतात आणि ते योग्यच करतात.

पंक्चरवर थोडं जास्त लिहितो, कारण एकट्याने लांब जायची भीती बऱ्याच वेळा इथूनच येते आणि ती भीतीसुद्धा सकाळी उठू देत नाही. बीआरएममध्ये कंट्रोल, म्हणजे वाटेतली पोचल्याची नोंद करायची ठिकाणं, सोडून मधे कुठेही बाहेरची मदत घेता येत नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. मुंबई-आग्रा हायवेवर पंक्चर काचेने कमी आणि तारेने जास्त होतात. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या स्टीलच्या बारीक तारा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर पसरलेल्या असतात, केसाहून थोड्याच जाड, आणि त्या टायरमध्ये घुसून बसतात. नवीन माणूस ट्यूब बदलतो, हवा भरतो आणि दोन किमीवर परत खाली, कारण तार टायरमध्येच असते. त्यासाठी आधीपासून एक सवय लावा, टायर चढवताना टायरवरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हच्या वर येईल असं बसवायचं. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरायची, गालाजवळ फिरवायची, हवा गालाला पटकन कळते. भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती वीत लांब आहे ते बघायचं आणि टायरवर नावापासून तेवढ्याच अंतरावर दोन्ही बाजूंना शोधायचं. आतून बोट फिरवू नका, तार बोटात घुसते, रुमाल किंवा कापूस फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. ती नखाने निघत नाही, म्हणून किटमध्ये भुवयांचा छोटा प्लकर ठेवा, वीस रुपयांची वस्तू आहे आणि तिने कितीतरी जणांची बीआरएम वाचलेली मी पाहिलीये. बरोबर दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप. आणि हे घरी, हॉलमध्ये पेपर अंथरून, मागच्या चाकावर चार-पाच वेळा करून बघा, मागचं चाक कारण चेनमुळे तेच अवघड जातं. टायर घासलेले असतील तर दोन्ही नवीन टाका, आणि हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नका, ३५ मिमीच्या टायरला मध्यम वजनाच्या माणसाने ५५-६० पीएसआय ठेवलं, मागे थोडं जास्त, तर हाताला आणि बुडाला फरक लगेच कळतो.

क्लीटचे शूज आत्ता नकोत. डिसेंबरला फार वेळ उरलेला नाही, त्यात पाय लॉक होणारी नवीन सवय, क्लीटचा कोन चुकला तर गुडघा धरतो, आणि सिग्नलला पाय न निघाल्याने पडणं वेगळंच. जाड तळव्याचे साधे शूज आणि रुंद, खाचांचे पेडल यावर २०० आरामात होते. चाकं बदलायची गरज नाही, ताशी १५ च्या सरासरीने गाठता येणाऱ्या शेवटच्या वेळेसाठी हलकी चाकं काय करणार? जीपीएस चांगला असतो पण पहिल्या राइडला फोनमध्ये रूट टाकून, फोन खिशात ठेवून आणि १० हजार एमएएचची पॉवर बँक घेऊन काम भागतं. गिअर मात्र बघा, तुमच्या हायब्रिडला पुढे तीन चकत्या असतील तर घाटाला काहीच अडचण नाही, लोक आजकाल तिसरी चकती कमीपणाची समजतात पण कसारा घाट चढताना तीच कामाला येते.

हे सगळं मिळून, सॅडल, दोन शॉर्ट्स, ग्लव्हज, बार एंड, दिवे, टायर-ट्यूब, पंप आणि एक नीट सर्व्हिसिंग, १७-१८ हजारांत बसतं. उरलेले पैसे ठेवा, एंट्री फी आहे, आणि थंडीसाठी आर्म स्लीव्ह आणि पातळ विंडचीटर लागेल. नाशिकची डिसेंबरची पहाट तुम्हाला माहितीच आहे, निफाडकडे जाणारा रूट असेल तर विचारूच नका.

खाण्याचं बघू. घरून फक्त चहा पिऊन ४० किमी होतात, पण त्याच सवयीने १०० ला माणूस कोसळतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं, म्हणजे केळं आणि थोडी चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू असं दर तासाला, भूक लागायची वाट न बघता. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नका, आणि दिवसभर नुसतं साधं पाणीही ढोसत राहू नका, घामातून मीठ जातं ते परत गेलंच पाहिजे, लिंबू-साखर-मीठ चालतं. वाटेत मिसळ दिसेल, आपण नाशिकचे, मोह होणारच, पण तर्री पोटात घेऊन घाट चढवत नाही. इडली, पोहे, दहीभात यावर राहा. आणि जे बीआरएमला खाणार ते आधीच्या रविवारी खाऊन बघितलेलं असलं पाहिजे.

आता अलार्म. तुम्ही रोज एकाच रस्त्याने, रोज पूर्ण जोर लावून जाता. गंगापूर रोडचा तो तुकडा तुम्ही दरवेळी शर्यत म्हणून चालवताय, म्हणजे आठवड्यातून तीन-चार शर्यती, आणि वर ऑफिस आणि घर. त्याने कोणीही तीन आठवड्यांत थकेल. २०० ला वेग लागतच नाही, सरासरी १५ च्या जरा आत असली तरी चालते. तुम्ही १८ ने सायकल चालवलीत तरी सव्वा अकरा तासांत पोचता आणि सव्वादोन तास खाण्या-थांबण्याला उरतात. म्हणून आठवड्यातले दोन दिवस अशा वेगाने जा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, फोनवरचा वेग बघूच नका, हवं तर स्ट्राव्हाचं (राइड नोंदवायच्या अॅपचं) नोटिफिकेशन महिनाभर बंद करा. एक दिवस चढ. रविवारी लांब. पहिल्या रविवारी त्र्यंबक जाऊन येऊन साठेक किमी, मग ८०, मग इगतपुरी जाऊन येऊन नव्वद-पंचाण्णव, चौथ्या रविवारी परत ६० वर या, शरीर त्याच आठवड्यात भरून निघतं. नंतर १००, मग कसारा उतरून परत चढून एकशे वीसच्या आसपास, आणि एकदा १४०. त्याच्या पुढे सरावात जायची गरज नाही, शेवटचे दोन आठवडे हलके ठेवा.

आळस आणि थकवा यातला फरक ओळखायचा एक साधा मार्ग आहे. सकाळी उठल्या उठल्या, पलंगावरच, नाडी मोजून आठवडाभर लिहून ठेवा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, सलग दोन-तीन दिवस, वर झोप नीट नाही आणि घरात चिडचिड, तर अलार्म बंद करून झोपा, बिनधास्त झोपा, तो दिवस विश्रांतीचाच आहे. नाडी नेहमीची असेल आणि तरी उठवत नसेल, तर आदल्या रात्रीकडे बघा. पहाटे ५ ला माणसाला काही ठरवायला लावू नका. टायरची हवा, बाटल्या, शॉर्ट्स, दिवे चार्जिंगला, सगळं रात्री, आणि जायचं कुठे तेसुद्धा रात्रीच ठरलेलं. आणि शक्य असेल तर कोणीतरी रस्त्यात उभा असलेला बरा. पाथर्डी फाट्यावर साडेपाचला एक जण थंडीत आपली वाट बघतोय हे माहीत असलं की माणूस उठतोच, तिथे मोटिव्हेशनचा व्हिडिओ लागत नाही.

एक गोष्ट लोक लिहीत नाहीत ती मी लिहितो. बऱ्याच जणांचं मन घरच्यांमुळे अडकलेलं असतं. रविवारी सकाळी तुम्ही पाच तास गायब, मुलांचा क्लास, भाजी, पाहुणे सगळं बायकोवर, आणि त्याची टोचणी घेऊन माणूस सायकलवर बसतो, मग चढावर पहिल्यांदा तीच टोचणी वर येते. घरी बसून डिसेंबरपर्यंतचे सगळे रविवार कॅलेंडरवर दाखवा, किती वाजता परत येणार ते सांगा, आणि त्या वेळेला या. शनिवारची दुपार तिची, तुम्ही मुलांबरोबर. हे जमलं की सराव आपोआप लागतो, मी कितीतरी घरांत बघितलंय.

आपल्याच नाशिकचे महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, २०१५ मध्ये रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, दोघांच्या टीमने पूर्ण करून आले, साधारण ४८०० किमी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने पूर्ण केली. ही सगळी आपलं काम सांभाळून सराव करणारी माणसं. तुम्हाला तेवढं करायचं नाहीये, पण नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला ही नावं सांगा. आणि पुढचं स्वप्न हवं असेल तर तेही आहे, एका सीझनमध्ये, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, २००, ३००, ४०० आणि ६०० केल्या की एसआर, म्हणजे सुपर रँडनर हा किताब, होतं. १८९१ पासून चालत आलेली फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइड, १२०० किमी ९० तासांत, दर चार वर्षांनी असते, मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. पण त्याचा विचार २०० झाल्यावर.

राइडच्या दिवशी साधारण १२० ते १५० च्या दरम्यान सगळ्यांचं मन पडतं, तुमचंही पडेल, ऊन डोक्यावर असतं आणि घर अजून लांब असतं. तेव्हा सोडायचा निर्णय लगेच घ्यायचा नाही. सावलीत थांबा, काहीतरी गोड आणि काहीतरी खारट खा, अर्धी बाटली प्या, पंधरा मिनिटं थांबा, मग पुढच्या कंट्रोलपर्यंतचाच विचार करा. दहातल्या आठ वेळा ती भूक निघते. छातीत दुखलं, गरगरलं, घाम थांबला, तर मात्र लगेच थांबायचं आणि आयोजकांना फोन करायचा, तिथे जिद्द दाखवायची नाही. कंट्रोलवर पोचल्याचा पुरावा म्हणून शिक्का किंवा एटीएमची स्लिप घेतली की निघा, खुर्चीत बसून चहा, फोटो, गप्पा यात चार कंट्रोलवर सहज दीड तास जातो आणि मग संध्याकाळी हायवेवर अंधारात घाई करावी लागते, जी मला सगळ्यात जास्त नको आहे.

या आठवड्यात एवढंच करा: सीट सपाट, पुठ्ठ्यावर माप, चार दिवस सायकलला हात नाही, आणि रविवारी हळूहळू त्र्यंबक. माप आलं की मला कळवा, वजन आणि सायकलचं मॉडेल पण लिहा, सॅडल आणि टायरचं नेमकं सांगतो. करंगळीचं काय झालं तेही सांगा.